वाचकांचे प्रश्न : कारखाना, वितरण आणि दुरुस्ती सेवेसाठी सॉफ्टवेअर निवडताना

या वेळी खामगाव, दारव्हा, अचलपूर आणि गोंदिया येथून आलेली चार पत्रे एकत्र घेतली आहेत. व्यवसाय वेगवेगळे असले तरी चौघांनाही खरेदी, साठा, विक्री, उधारी आणि सेवा एकाच ठिकाणी दिसतील असे सॉफ्टवेअर, म्हणजे व्यवहारात ज्याला ईआरपी म्हणतात ते, घ्यायचे आहे. खामगावच्या पत्रात उत्पादन, वितरण आणि शेतावरची दुरुस्ती या तिन्ही बाजू येतात, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : खामगावजवळ ट्रॅक्टरचलित पेरणी यंत्रे आणि थ्रेशर तयार करण्याचा आमचा भागीदारीतला कारखाना आहे. बुलडाणा, अकोला, वाशीम आणि अमरावती जिल्ह्यांत आमचे विक्रेते आहेत. हंगामात यंत्र बंद पडले तर आमचेच मिस्त्री शेतावर जाऊन ते दुरुस्त करतात. गेल्या वर्षी उलाढाल पाच कोटींच्या पुढे गेली. सध्या हिशेब टॅलीत, कच्च्या मालाची नोंद वहीत आणि दुरुस्तीच्या तक्रारी व्हॉट्सअ‍ॅपवर असतात. तीन कंपन्यांनी सॉफ्टवेअरचा डेमो दाखवला. तिन्ही चांगली वाटली, किमतींत मात्र मोठा फरक आहे. निवड कशी करावी?

उत्तर : तिन्ही डेमो चांगले वाटले यात नवल नाही, कारण डेमो सॉफ्टवेअर विक्रेत्याने स्वतः भरून ठेवलेल्या माहितीवर चालतो. त्या माहितीत कच्चा माल नगाने येतो, नगाने लागतो, काही उरत नाही आणि काही परत येत नाही. आपला कारखाना तसा चालत नाही. म्हणून सुविधांच्या यादीवर खुणा करत बसण्याऐवजी आपल्याकडचे जे व्यवहार सर्वांत त्रासदायक आहेत, ज्यांच्यापाशी वहीचा आणि गोदामाचा मेळ दर वेळी बिघडतो, ते आधी कागदावर मांडावेत आणि तेच व्यवहार आपल्या मालाच्या नावांसह आणि आपल्या दरांसह विक्रेत्याकडून समोर बसून करवून घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. सोपा व्यवहार कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये होतो.

लोखंडाचेच उदाहरण घ्या. ५० बाय ५० बाय ६ मिलिमीटरचा अँगल व्यापारी किलोने देतो. त्याचे वजन मीटरला साधारण साडेचार किलो भरते, म्हणजे सहा मीटरची एक लांबी सुमारे २७ किलोची होते. थ्रेशरच्या सांगाड्यासाठी तिच्यातून १.४ मीटरचे तुकडे कापले, तर चार तुकडे निघतात आणि ४० सेंटिमीटरचा, सुमारे १.८ किलोचा, तुकडा उरतो. तो ब्रॅकेटसाठी ठेवला जातो की भंगारात जातो, यावर एका यंत्राचा खरा खर्च ठरतो. खरेदी किलोत, साठा लांबीत आणि वापर तुकड्यांत अशी नोंद एकाच मालावर ठेवता येते का, उरलेला तुकडा परत साठ्यात घेता येतो का आणि भंगाराचे बिल तिथूनच करता येते का, हे प्रत्यक्ष करून दाखवायला सांगावे. ‘ते आम्ही नंतर बसवून देऊ’ असे उत्तर मिळाले, तर ते काम किती दिवसांत आणि किती रकमेत होईल, आणि सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती आल्यावर ते टिकेल का, हे कोटेशनमध्ये लिहून घ्यावे.

दुसरी कसोटी जॉबवर्कची. गिअर कापणे, शाफ्ट टर्निंग, पावडर कोटिंग ही कामे आपल्यासारखे बहुतेक कारखाने बाहेरून करून घेतात. जीएसटी कायद्याप्रमाणे जॉबवर्कसाठी पाठवलेला कच्चा माल एका वर्षाच्या आत परत यावा लागतो किंवा तिथूनच विकला जावा लागतो, अन्यथा तो पाठवला त्याच दिवशी विकला असे धरले जाते आणि कर व्याजासह भरावा लागतो. पाच कोटींवरील उलाढालीच्या उद्योगाला या मालाचे आयटीसी-०४ हे विवरण सहामाही द्यावे लागते. म्हणून कोणाकडे किती शाफ्ट कोणत्या चलनाने (मालासोबतच्या पाठवणी-पावतीने) गेले, किती आले, किती खराब झाले आणि किती अजून तिथेच पडून आहेत, हे चलननिहाय दिसलेच पाहिजे. अनेक कारखान्यांतले जुने दिवाणजी ही नोंद वहीत अतिशय चोख ठेवतात. सॉफ्टवेअर ठरवताना त्यांना खोलीबाहेर ठेवणे ही मोठी चूक आहे, कारण अवघड व्यवहारांची यादी त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणालाही देता येणार नाही.

विक्रीच्या बाजूला आता नियमांचा भाग वाढला आहे. २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही एका आर्थिक वर्षात उलाढाल पाच कोटींवर गेली असेल, तर नोंदणीकृत व्यापाऱ्याला दिलेल्या बिलासाठी ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल) करावे लागते. ही मर्यादा १ ऑगस्ट २०२३ पासून लागू आहे आणि पुढे एखाद्या वर्षी उलाढाल घटली तरी त्यातून सुटका होत नाही. बिलावर एचएसएन कोड (मालाच्या प्रकाराचा क्रमांक) सहा अंकी लागतो. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखावरील मालाला ई-वे बिल (वाहतुकीची ऑनलाइन नोंद) लागते, तर बऱ्हाणपूरकडे राज्याची सीमा ओलांडली की पन्नास हजारांवरच लागते. हे सगळे बिल करतानाच, सरकारी पोर्टलवर पुन्हा टंकन न करता झाले पाहिजे. एवढ्यावर तिन्ही सॉफ्टवेअर बहुधा उत्तीर्ण होतील.

फरक दिसेल तो दरबदलात. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेरणी यंत्रे आणि थ्रेशर यांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्या तारखेआधी विकलेले यंत्र आपल्या विक्रेत्याने नंतर परत केले, तर क्रेडिट नोट (रक्कम वजा करणारी चिठ्ठी) मूळ बिलाच्या, म्हणजे जुन्या दराने निघाली पाहिजे. सॉफ्टवेअरमध्ये दर तारखेनुसार बांधलेला नसेल, तर इथेच गाडी अडते. शिवाय लोखंडावर आपण १८ टक्के भरता आणि यंत्रावर ५ टक्के घेता, त्यामुळे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, साचत जाते. त्याचा परतावा मागताना कच्च्या मालावरचा कर विचारात घेतला जातो, यंत्रसामग्री आणि सेवांवरचा नाही. ही तीन प्रकारची खरेदी सुरुवातीपासून वेगळी नोंदली गेली, तर आपल्या सीएंचे काम सोपे होते आणि अडकलेला पैसा मोकळा होण्याचा मार्ग खुला राहतो. दरबदलानंतर आपल्या धंद्यात ही रक्कम मोठी झाली आहे, तेव्हा तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

दुरुस्तीच्या बाबतीत एक मूळ प्रश्न आधी सोडवावा लागेल. आपले बिल विक्रेत्याच्या नावाने निघते, पण यंत्र उभे असते शेतकऱ्याच्या शेतात, आणि त्याचे नाव, गाव, मोबाईल विक्रेत्याच्या वहीत असते. प्रत्येक यंत्राला अनुक्रमांक देऊन तो बिलावर आणि शेतकऱ्याच्या वॉरंटी कार्डावर आणल्याशिवाय कोणतेही सॉफ्टवेअर सेवा सांभाळू शकणार नाही. ऑक्टोबरात सोयाबीनची सुडी लागलेली असते, वर ढग भरून आलेले असतात आणि थ्रेशर बंद पडतो. अशा वेळी फोन घेणाऱ्याने अनुक्रमांक टाकताच ते यंत्र कोणत्या वर्षीच्या आराखड्याचे आहे, त्यात कोणते बेअरिंग आणि कोणत्या मापाचा बेल्ट आहे, हे दिसले, तर मिस्त्री योग्य सुटा भाग घेऊनच निघतो आणि मेहकरहून रिकाम्या हाताने परत येत नाही. सेवेची ही बाजू डेमोच्या शेवटी घाईत दाखवली जाते. आपण ती सर्वांत आधी पाहावी.

किमतीची तुलना पाच वर्षांच्या एकूण खर्चावर करावी. परवाना किंवा वार्षिक भाडे, बसवण्याचा खर्च, बदल करून घेण्याचा खर्च, प्रशिक्षण, वार्षिक देखभाल, सर्व्हर आणि इन्व्हर्टर हे सगळे एकाखाली एक लिहिले की स्वस्त आणि महाग यांचा क्रम बरेचदा बदलतो. स्वस्त कोटेशनमध्ये जुनी माहिती भरण्याचे काम सहसा धरलेले नसते, आणि खरे कष्ट तिथेच आहेत. एकच बेअरिंग आपल्या वहीत ‘६२०५’, ‘बेअरिंग ६२०५’, ‘मोठे बेअरिंग’ आणि कंपनीच्या नावाने असे चार ठिकाणी असेल, तर नव्या सॉफ्टवेअरमध्येही चार साठे दिसतील आणि खरेदी चौपट होईल. मालाची यादी स्वच्छ करण्याचे काम करार होण्याआधीच हाती घ्यावे. त्याला सॉफ्टवेअर विक्रेत्याची गरज नाही.

सुरुवात १ एप्रिललाच करावी, असा आग्रह धरू नये. मार्चपर्यंत हरभऱ्याचे थ्रेशर चालू असतात आणि मे उजाडताच पेरणी यंत्रांची धावपळ सुरू होते. पेरण्या आटोपल्यानंतर पोळ्यापर्यंतचा काळ आपल्याला मोकळा मिळतो. जुलैअखेरची शिल्लक टाकून १ ऑगस्टपासून नव्या बिलमालिकेने सुरुवात करता येते, आधीचे व्यवहार टॅलीत तसेच राहू द्यावेत.

सॉफ्टवेअर विक्रेत्याच्या दोन जुन्या ग्राहकांना, विक्रेता सोबत नसताना, प्रत्यक्ष भेटावे. ते शक्यतो शेती अवजारांच्याच धंद्यातले असावेत. मालकाशी बोलून झाल्यावर स्टोअरमध्ये जाऊन नोंद स्टोअरकीपर स्वतः करतो की संध्याकाळी ऑफिसातला मुलगा चिठ्ठ्यांवरून करतो, ते पाहावे. दुसरा प्रकार दिसला, तर तिथला साठा पडद्यावर कधीच खरा नसतो. आणि हंगामात बिल अडले तर फोन कोण उचलेल, खामगावला कोण येईल, किती तासांत येईल, हे करारात लिहून घ्यावे. दोन सॉफ्टवेअर जवळपास सारखी ठरली, तर मी जवळचा आणि फोन उचलणारा विक्रेता निवडेन, मग त्याचा पडदा थोडा कमी देखणा असला तरी चालेल.

प्रश्न : दारव्ह्याला आमचा बियाणे, खते आणि कीटकनाशकांचा घाऊक व्यापार आहे. तालुक्यातील कृषी सेवा केंद्रांना माल देतो. सॉफ्टवेअरमध्ये बॅच आणि मुदत आहे, असे सगळेच सांगतात. आणखी काय पाहावे?

उत्तर : बॅच आहे एवढ्यावर समाधान मानू नका. बियाण्याच्या एखाद्या लॉटवर कृषी विभागाचा विक्रीबंद आदेश आला, तर तो लॉट क्रमांक टाकून आपल्या गोदामात किती पाकिटे आहेत आणि कोणत्या केंद्राला कोणत्या बिलाने किती गेली, हे लगेच निघाले पाहिजे. माल उचलताना ज्याची मुदत आधी संपते तीच बॅच सॉफ्टवेअरने आधी सुचवली पाहिजे. बियाणे, खते आणि कीटकनाशके यांचे परवाने आणि साठा नोंदवह्या वेगवेगळ्या कायद्यांखाली येतात, तेव्हा तिन्हींची साठा नोंदवही स्वतंत्र छापता येते का, तेही तपासावे. खतांच्या सरकारी प्रणालीतील नोंद आणि केंद्रावरचे पॉस (विक्री नोंदवणारे) यंत्र यांची जागा मात्र आपले सॉफ्टवेअर घेणार नाही. त्या शिलकेशी आपली शिल्लक ताडून पाहणारा तक्ता मिळाला तरी पुष्कळ आहे.

आपल्या धंद्यात खरी परीक्षा उधारीची आहे. तयार सॉफ्टवेअर उधारीचे तीस, साठ आणि नव्वद दिवसांचे गट पाडते. जूनमध्ये दिलेल्या बियाण्याचे पैसे सोयाबीन बाजारात गेल्यावर, आणि कपाशीच्या भागात तर संक्रांतीपर्यंत येतात, त्यामुळे या यादीत चांगला आणि बुडीत ग्राहक सारखेच लाल दिसतात. देय तारीख हंगामानुसार आणि ग्राहकानुसार ठरवता आली पाहिजे, आणि गेल्या खरिपाची बाकी राहिलेल्या केंद्राला या खरिपाचे बिल करताना तिथल्या तिथे सूचना आली पाहिजे.

दुसरी गोष्ट नफ्याची. कंपन्यांचे दरफरक आणि योजनांच्या क्रेडिट नोटा हंगाम संपल्यावर येतात, न विकलेले बियाणेही तेव्हाच परत जाते. त्यामुळे बिल करताना दिसणारा नफा हा खरा नफा नसतो. अपेक्षित योजनेची रक्कम कंपनीनिहाय नोंदवून ठेवणे आणि क्रेडिट नोट आल्यावर तिच्याशी जुळवणे ज्या सॉफ्टवेअरमध्ये जमते, ते थोडे महाग असले तरी घ्यावे. ही रक्कम तोंडी हिशेबात राहून गेली, तर वर्षअखेरीस ती मागायला हातात कागद नसतो.

प्रश्न : अचलपूर येथून आम्ही सौर कृषी पंप बसवतो आणि त्यांची देखभाल करतो. चिखलदरा आणि धारणी तालुक्यांतील अनेक गावांत नेटवर्क नसते. तंत्रज्ञांसाठी मोबाईल अ‍ॅप असलेले सॉफ्टवेअर घ्यावे का?

उत्तर : घ्यावे, पण अ‍ॅप नेटवर्कशिवाय चालते का, याची परीक्षा ऑफिसात घेऊ नये. विक्रेत्याचा माणूस सोबत घेऊन सेमाडोहच्या पुढे जावे, फोनवर तक्रार उघडावी, पंपाचा आणि कंट्रोलरचा अनुक्रमांक स्कॅन करावा, फोटो काढावा, वापरलेला सुटा भाग नोंदवावा, शेतकऱ्याची सही घ्यावी आणि परतवाड्याला परतल्यावर हे सगळे वेळ आणि ठिकाणासह जसेच्या तसे वर चढते का ते पाहावे. काही अ‍ॅप नेटवर्क नसताना जुनी माहिती दाखवतात, पण नवी नोंद घेत नाहीत. अ‍ॅप मराठीत असणे हीसुद्धा अट धरावी. तंत्रज्ञाला वाचता न येणारा रकाना तो रिकामा सोडतो किंवा काहीही भरतो. कामाच्या ओटीपीवर भिस्त ठेवणारे अ‍ॅप आपल्या भागात उपयोगाचे नाही, कारण शेतावर तो संदेशच येत नाही.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतील पंपांची पाच वर्षांची दुरुस्तीची जबाबदारी पुरवठादाराची असते. आपण पुरवठादाराच्या वतीने काम करत असाल, तर प्रत्येक पंप लाभार्थ्याच्या नावावर, गाव आणि गट क्रमांकासह, बसवल्याच्या तारखेपासून नोंदलेला असला पाहिजे, आणि पॅनल, कंट्रोलर व मोटर यांचे अनुक्रमांक वेगवेगळे असले पाहिजेत, कारण त्यांचे उत्पादक आणि हमीचे कालावधी वेगळे असू शकतात. बदललेला खराब कंट्रोलर परत आणून उत्पादकाकडे पाठवला आणि त्या बदल्यात नवा मिळाला, इथपर्यंतचा प्रवास सॉफ्टवेअरमध्ये दिसला पाहिजे. सेवा व्यवसायात पैसा गळतो तो बहुतेक इथेच, खराब भाग तंत्रज्ञाच्या घरी किंवा गोदामाच्या कोपऱ्यात पडून राहतो आणि दाव्याची मुदत निघून जाते. त्यासाठी प्रत्येक तंत्रज्ञाची डिकी हे एक छोटे गोदाम मानून तिचा साठा वेगळा ठेवणारे सॉफ्टवेअर निवडावे. दर शनिवारी ती शिल्लक मोजली गेली पाहिजे, हा नियम मात्र आपल्यालाच लावावा लागेल.

प्रश्न : गोंदिया जिल्ह्यात आमची राईस मिल आहे. मुलगा म्हणतो की ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर मोफत आहे, तेच घेऊ. त्याचे म्हणणे योग्य आहे का?

उत्तर : परवान्यापुरते योग्य आहे. ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रापे या कंपनीने तयार केलेले मुक्त स्रोत, म्हणजे ज्याचा मूळ कोड सर्वांना खुला असतो असे, सॉफ्टवेअर आहे आणि त्याच्या परवान्याला पैसे पडत नाहीत. बेल्जियमच्या ओडू या सॉफ्टवेअरचीही एक मुक्त आवृत्ती आहे. परंतु सर्व्हर, बसवणे, भारतीय जीएसटीची मांडणी, बॅकअप आणि बिघाड झाल्यावर धावून येणारा माणूस यांना पैसे लागतातच. मुलगा स्वतः हे काम करणार असेल, तर तो बाहेरगावी गेल्यावर कोण करील, हे आजच ठरवावे. मुक्त सॉफ्टवेअरचा एक मोठा फायदा मला महत्त्वाचा वाटतो, तो हा की पुरवठादार बदलला तरी आपली माहिती आणि सॉफ्टवेअर दोन्ही आपल्याच हाती राहतात. विकतचे सॉफ्टवेअर घेतले, तर सगळी माहिती एक्सेलमध्ये काढून देण्याचे कलम करारात हवेच.

राईस मिलसाठी दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. बहुतेक सॉफ्टवेअर अनेक सुटे भाग जोडून एक वस्तू करणाऱ्या कारखान्याच्या हिशेबाने लिहिलेले असते. मिलमध्ये उलटे होते, एका धानातून तांदूळ, कणी, कोंडा आणि तूस निघते, आणि ओलाव्याप्रमाणे उतारा बदलतो. धानाची किंमत या चारही मालांवर वाटता येते का, हे आपल्या एका दिवसाच्या भरडाईवर करून पाहावे. दुसरे, शासनाचे धान भरडाईला येत असेल, तर ते आपल्या आवारात असले तरी आपल्या मालकीचे नसते. कच्च्या तांदळासाठी ६७ टक्के आणि उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी ६८ टक्के या प्रमाणाने किती तांदूळ जमा करायचा बाकी आहे आणि बारदाना किती परत द्यायचा आहे, याचा हिशेब स्वतःच्या धानापासून पूर्ण वेगळा राहिला पाहिजे. ईआरपीनेक्स्टमध्ये यासाठी वेगळी गोदामे आणि दुय्यम उत्पादनांची नोंद वापरता येते. मुलाने नव्या धानाच्या खरेदीआधी गेल्या हंगामातील एका आठवड्याची भरडाई त्यात भरून पाहावी, आणि कोंड्याची शिल्लक कोठारातल्या कोंड्याशी जुळली तरच पुढचे काम हाती घ्यावे.